रसगुल्ला नक्की कुणाचा?

मुलांनो, घरात रसगुल्ल्याचा डबा आला की तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'माझ्या वाटणीला किती?' हाच ना! आणि दुसरा प्रश्न : 'उरलेला पाक कोण पिणार?'

पण आपल्या देशात दोन शेजारी राज्यं अशी आहेत, की त्यांच्या मनात वेगळाच प्रश्न आला. हा रसगुल्ला मुळात कुणाचा? पश्चिम बंगाल म्हणे, आमचा. ओडिशा म्हणे, छे, छे, आमचाच! बरं, हे भांडण मधल्या सुट्टीतल्या भांडणासारखं नव्हतं. सरकारी समित्या बसल्या, जुन्या पोथ्या धुंडाळल्या गेल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि थेट चेन्नईच्या सरकारी कचेरीत अर्ज गेले.

एका गोड गोळ्यासाठी एवढं सगळं? हो, एवढं सगळं! आणि का, ते घरी बसून कळणार नाही. त्यासाठी रसगुल्ल्याच्या गावांना जायला हवं. चला तर मग, पिशवी भरा. वाटेत खायला चिवडा घ्या. गोड काही घेऊ नका, ते तिकडे मिळणारच आहे.

पहिला मुक्काम : बागबाजार

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस पकडायची. कसाऱ्याचा घाट चढून, भुसावळ, नागपूर, रायपूर मागे टाकत, जवळजवळ दोन हजार किलोमीटर अंतर कापून गाडी हावड्याला पोचते. स्टेशनाबाहेर आलं की समोर हुगळी नदी आणि तिच्यावरचा तो प्रसिद्ध हावडा पूल. पलीकडे कोलकाता.

शहराच्या उत्तर टोकाला, नदीकाठी, बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, जुनी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि घरापुढच्या ओट्यांवर गप्पा मारत बसलेली मंडळी. इथल्या एका गल्लीचं नाव ऐकून तुम्ही दचकाल. तिचं नाव आहे 'मराठा डिच लेन'! डिच म्हणजे खंदक. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालवर स्वाऱ्या सुरू केल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला आणि पुढे बुजवला गेला. नाव मात्र उरलं. बंगालच्या खेड्यापाड्यांनी त्या स्वाऱ्यांत खूप सोसलं. आजही तिथे त्या घोडेस्वारांची, म्हणजे 'बर्गीं'ची, आठवण काढली जाते, आणि ती काही प्रेमाने नव्हे.

असो. आपण आलो आहोत रसगुल्ल्यासाठी. याच बागबाजारात नवीनचंद्र दास नावाच्या तरुण हलवायाचं छोटंसं दुकान होतं. त्यांचा जन्म १८४५ चा. पहिलं दुकान जोडासांको भागात काढलं होतं, ते चाललं नाही. मग १८६६ साली बागबाजारात पुन्हा मांडणी केली. त्या काळी बंगालमध्ये संदेश ही मिठाई सगळ्यांच्या आवडीची. पण संदेश पडला कोरडा. नवीनचंद्रांना हवी होती रसाने भरलेली मिठाई.

ती करायची कशी? बंगालीत ज्याला 'छाना' म्हणतात, त्याचे गोळे वळून पाकात उकळायचे. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण दूध आंबट घालून फाडायचं, चोथा फडक्यात बांधून टांगायचा, मग तो तळहाताने मळत राहायचा. छाना ओला राहिला, तर गोळा पाकात विरघळतो. फार कोरडा झाला, तर गोळा नव्हे, गोटी होते! नवीनचंद्रांचे गोळे पुन्हा पुन्हा फुटत होते. शेवटी १८६८ साली जमलं, असं दास घराण्यात सांगतात.

आणखी एक गोष्ट सांगतात. एकदा भगवानदास बागला नावाच्या बड्या व्यापाऱ्याची घोडागाडी दुकानासमोर थांबली. गाडीतल्या मुलाला तहान लागली होती. नवीनचंद्रांनी पाण्याबरोबर एक रसगुल्ला दिला. मुलाने खाल्ला, मग वडिलांनी खाल्ला, आणि मग काय! ढीगभर रसगुल्ले बांधून गाडी निघाली. त्यानंतर दुकानाला कधी जाहिरात करावी लागली नाही. पुढे त्यांचे चिरंजीव कृष्णचंद्र दास यांनी १९३० साली स्वतःच्या नावाचं दुकान काढलं, आणि त्यांच्या दुकानाचे रसगुल्ले डब्यात बंद होऊन दूरदूर जाऊ लागले. तुमच्या घरी येतो, त्या डब्याचा हा पणजोबाच म्हणा ना!

आता मला सांगा, रसगुल्ल्याला ती स्पंजासारखी जाळी कुठून येते? गंमत ऐका. आंबट पडलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचं जाळं तयार होतं. मळताना ते जाळं सारखं आणि मऊ होतं. गोळा उकळत्या पाकात पडला की त्याच्या आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि गोळा फुगतो. गार होताना मोकळ्या झालेल्या जागेत पाक शिरतो. झाला रसगुल्ला! पाक मात्र पातळच हवा. दाट पाक आत शिरतच नाही.

बंगाली लोक कौतुकाने नवीनचंद्रांना 'रसगुल्ल्याचा कोलंबस' म्हणतात. हे नाव जरा लक्षात ठेवा हं. त्यात एक मेख आहे.

आणि हो, खुद्द बंगालमध्येही एकमत नाही. नदिया जिल्ह्यातल्या फुलियाचे लोक म्हणतात, आमचा हाराधन मयरा नवीनचंद्रांच्या आधीच रसगुल्ले करत होता. (बंगालीत मयरा म्हणजे हलवाई.) कोलकात्यातल्या हायकोर्टाजवळच्या ब्रज मयराचंही नाव घेतात. म्हणजे राज्याराज्यांचं भांडण नंतरचं, आधी गल्लीगल्लीचं!

दुसरा मुक्काम : बँडेल

हावड्याहून लोकल पकडली, की तासाभरात बँडेल येतं. हुगळीच्याच काठावरचं हे गाव. इथे एक जुनं चर्च आहे. कुणी बांधलं? पोर्तुगीजांनी. आपल्या वसईला आणि गोव्याला आले, तेच हे पोर्तुगीज. सोळाव्या शतकात त्यांनी इथेही वखार घातली.

पोर्तुगीज आले की त्यांचं खाणं आलंच. 'पाव' हा शब्दसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतला. इथे बंगालमध्ये त्यांनी दूध फाडून चीज करायला सुरुवात केली. बँडेल चीज नावाची छोटी, गोल, खारट वडी कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये आजही मिळते. सतराव्या शतकात बर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी बंगालमध्ये फिरून गेला. त्याने लिहून ठेवलंय, की बंगालची मिठाई नावाजलेली आहे, त्यातही जिथे पोर्तुगीज राहतात तिथली विशेष.

यावरून अन्नपदार्थांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक के. टी. अचया यांनी एक तर्क मांडला. आपल्याकडे दूध नासणं अशुभ मानत. आठवून बघा, सकाळी गॅसवरचं दूध नासलं की आजीचा चेहरा कसा होतो! दूध, दही, लोणी, तूप हे सगळं देवाला चालतं, नासलेलं दूध मात्र नाही. मग मुद्दाम दूध फाडायची कल्पना आली कुठून? पोर्तुगीजांकडून, असं अचयांना वाटलं.

म्हणजे बघा हं, बंगाल-ओडिशाच्या भांडणात अचानक तिसराच पाहुणा टपकला!

पण या तर्कालाही एक अडचण आहे. आणि ती अडचण सापडते आपल्या सोलापूरच्या पलीकडे. तेव्हा बँडेलच्या घाटावर पाच मिनिटं बसू आणि मनानेच तिकडे एक फेरी मारून येऊ.

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याजवळ बसवकल्याण नावाचं गाव आहे, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात. मुंबईजवळचं कल्याण नव्हे, हे वेगळं. नऊशे वर्षांपूर्वी ही चालुक्य राजांची राजधानी होती. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने काय काय करावं, कसं राहावं, काय खावं, सगळं आहे. जुन्या मराठीतली काही पदंसुद्धा त्यात आहेत! आणि याच ग्रंथात आंबट घालून दूध फाडायचं, पाणी काढून टाकायचं, त्यात तांदळाचं पीठ मिसळून तळायचं आणि साखर लावायची, अशी एक मिठाई दिली आहे.

वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. मानसोल्लास त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीचा. म्हणजे दूध फाडून मिठाई करणं आपल्याकडे आधीपासून होतं. पण ती मिठाई तळलेली होती, पाकात उकळलेली नव्हती. तो काही रसगुल्ला नाही. त्याचा दूरचा काका म्हणा हवं तर.

तिसरा मुक्काम : पुरी

आता पुन्हा हावडा. रात्रीच्या गाडीने निघायचं. सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास. पहाटे खिडकीतून नारळाची झाडं आणि भाताची खाचरं दिसू लागतात. कटक, भुवनेश्वर, आणि शेवटचं स्टेशन पुरी. पुढे समुद्रच!

पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर एकाच दगडातून घडवलेला एक उंच खांब उभा आहे. त्याला अरुणस्तंभ म्हणतात. तो मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर होता. इथे कुणाच्या काळात आणला, माहीत आहे? मराठ्यांच्या! १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणजे बंगाल काय, ओडिशा काय, दोघांच्याही दारात आपली घोडी जाऊन आलेली आहेत. तेव्हा या भांडणात 'आम्ही आपले त्रयस्थ पंच' असा आव आपल्याला आणता यायचा नाही!

मंदिराचं स्वयंपाकघर हे एक नवलच आहे. चुलीवर मातीची मडकी एकावर एक रचून स्वयंपाक होतो. आणि त्या महाप्रसादात बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरचीसुद्धा नाही! का? कारण या तिन्ही गोष्टी अमेरिका खंडातून, युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आल्या. इथल्या आचाऱ्यांनी त्यांना अजून चुलीजवळ येऊ दिलेलं नाही.

आणि आता ओडिशाचा मुख्य पुरावा. आषाढात पुरीची रथयात्रा असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जगन्नाथ, थोरले भाऊ बलभद्र आणि बहीण सुभद्रा रथात बसून गुंडिचा मंदिरात जातात. नऊ दिवसांची ही सहल. पण लक्ष्मीला मात्र घरीच ठेवतात! लक्ष्मी रागावणार नाही तर काय? पाचव्या दिवशी ती स्वतः तिकडे जाते आणि जगन्नाथाच्या रथाचा एक तुकडा मोडून परत येते.

ज्या दिवशी आपल्या पंढरपुरात आषाढी एकादशी असते, त्याच दिवशी पुरीत परत आलेल्या देवांना रथावरच सोन्याचे दागिने घालतात. आणि दोन दिवसांनी, त्रयोदशीला, देव मंदिरात शिरायला निघतात. या दिवसाला 'नीलाद्री बिजे' म्हणतात. पण दार बंद! आतून लक्ष्मीच्या बाजूचे सेवक बोलणार, बाहेरून जगन्नाथाच्या बाजूचे. 'मला सोडून गेलात ना? मग राहा आता बाहेरच!' असं मोठं लटकं भांडण रंगतं. शेवटी जगन्नाथ लक्ष्मीला समजूत म्हणून काय देतो? रसगोला! (ओडिया लोक रसगुल्ल्याला रसगोला म्हणतात.) मग दार उघडतं.

ओडिशाचं म्हणणं असं, की ही रीत शेकडो वर्षांची आहे. मग नवीनचंद्रांनी १८६८ साली शोध कसला लावला? आता आठवा तो कोलंबस. कोलंबसाने अमेरिका शोधली म्हणतात, पण तिथे माणसं तर आधीपासूनच राहत होती! बंगालने कौतुकाने दिलेलं नाव, पण ओडिशाच्या माणसाने ऐकलं तर तो म्हणेल, 'बरोबर बोललात!'

ओडिशाकडे आणखी एक पुरावा आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी बलराम दास या कवीने ओडिया भाषेत रामायण लिहिलं. त्याला दांडी रामायण म्हणतात. त्यात भरत रामाला शोधायला निघतो, तेव्हा वाटेत भरद्वाज ऋषींच्या आश्रमात त्याचा मोठा पाहुणचार होतो. त्या पंगतीतल्या पदार्थांमध्ये रसगोल्याचं नाव आहे.

झालं तर मग! निकाल लागला! असं म्हणायची घाई नको हं. बंगालची बाजूही ऐकू. ते म्हणतात, जगन्नाथाच्या छप्पन भोगांत रसगुल्ला आहे का? नाही. नासलेलं दूध जुन्या काळी देवाला कसं चाललं असेल? आणि पोथीत नाव असलं, तरी तो पदार्थ हाच कशावरून?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जुन्या संस्कृत ग्रंथांत 'वटक' हा शब्द येतो. वटक म्हणजे वडा. म्हणून कुणी म्हणालं, की हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज बटाटेवडा खात होते, तर चालेल का? बटाटाच नव्हता, तर बटाटेवडा कुठला! नाव जुनं असू शकतं आणि पदार्थ नवा असू शकतो. उलटंही होतं. पदार्थ जुना असतो, आणि त्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

चौथा मुक्काम : पाहाळ

हे दुसरं कसं होतं, ते बघायला पाहाळला जाऊ. कटक आणि भुवनेश्वर यांच्यामध्ये, हमरस्त्यावरच हे गाव आहे. रस्त्याच्या कडेला मिठाईच्या टपऱ्यांची रांगच रांग. मोठमोठ्या परातींत आणि पातेल्यांत रसगोले तरंगताहेत. शेजारी छेनापोडं, म्हणजे छेना भाजून केलेली, वरून काळपट-खरपूस वडी. बंगालचा छाना तो ओडिशाचा छेना.

इथला रसगोला तोंडात टाकला की तुम्ही म्हणाल, 'अरे, हा तर वेगळाच आहे!' बंगालचा रसगुल्ला पांढराशुभ्र, टणटणीत. दाताखाली दाबला की स्पंजासारखा उसळी घेतो. पाहाळचा दिसायला मळकट, तांबूस. साखर उकळता उकळता करपत जाते, त्याचा तो रंग. आणि मऊ तर इतका, की आजोबांनी कवळी काढून ठेवली असली तरी चालेल!

आता एक विचार करा. बागबाजारच्या हलवायाचं नाव आपल्याला माहीत आहे, जन्मसाल माहीत आहे, दुकान माहीत आहे. त्याच्या मुला-नातवंडांनी त्याची आठवण जपली. शहर मोठं, छापखाने होते, वर्तमानपत्रं होती. पण पुरीच्या मंदिरात पिढ्यान् पिढ्या चुली फुंकणाऱ्या आचाऱ्यांची नावं कुणी लिहिली? पाहाळच्या पहिल्या टपरीवाल्याची जयंती कोण करणार? ज्यांच्याकडे कागद असतो, त्यांची गोष्ट टिकते. ज्यांच्याकडे फक्त हाताची सवय असते, त्यांची गोष्ट पुसली जाते.

पण म्हणून नवीनचंद्रांचे कष्ट खोटे ठरतात का? मुळीच नाही. गोळा न फुटता शहरभर विकता येईल असा पांढरा स्पंजी रसगुल्ला त्यांच्या दुकानाने घराघरांत पोचवला, हे तर खरंच.

आणि या दोन गावांमध्ये भिंत कधी होती? चैतन्य महाप्रभू बंगालमधल्या नवद्वीपचे, पण आयुष्याची शेवटची वर्षं राहिले पुरीत. त्यांच्यामागून बंगालचे भक्त दरवर्षी रथयात्रेला चालत येत. आपली वारीच म्हणा ना! उलट एकोणिसाव्या शतकात ओडिशाचे कितीतरी आचारी कोलकात्यातल्या घरांत स्वयंपाकाला होते. माणसं आली-गेली, की हातातली विद्याही येते-जाते. ती कुठल्या वर्षी, कुणाच्या डब्यातून गेली, याची पावती कोण ठेवतो?

चेन्नईचा कागद

मग सरकारने निकाल काय दिला? त्यासाठी 'भौगोलिक मानांकन' हा जड शब्द समजून घेऊ. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'जीआय' म्हणतात. एखादी वस्तू एखाद्या भागाचीच खासियत असेल, तर तिथल्या लोकांनाच ते नाव वापरता यावं, यासाठी १९९९ साली आपल्याकडे कायदा झाला. दार्जिलिंगचा चहा, गोव्याची फेणी, कोकणचा हापूस यांना हे मानांकन मिळालेलं आहे. त्याची कचेरी चेन्नईला आहे.

पश्चिम बंगालने तिथे अर्ज केला, आणि १४ नोव्हेंबर २०१७ ला 'बांगलार रसगोल्ला' या नावाला मानांकन मिळालं. १४ नोव्हेंबर! म्हणजे बालदिन! योगायोग बघा. बंगालमध्ये पेढे, छे, रसगुल्ले वाटले गेले. 'बंगाल जिंकला' अशा बातम्या आल्या.

पण थांबा. २९ जुलै २०१९ ला 'ओडिशा रसगोला' या नावालाही मानांकन मिळालं! मग ओडिशात रसगोले वाटले गेले.

म्हणजे दोघंही जिंकले? तसंच काहीसं. कारण 'पहिला रसगुल्ला कुणी केला?' हा प्रश्न त्या कचेरीने सोडवलाच नाही. तिचं ते कामच नाही. ती इतकंच बघते, की ही वस्तू या भागात, या पद्धतीने, अशा गुणांची होते का? बंगालचा पांढरा, स्पंजी : होतो. ओडिशाचा तांबूस, विरघळणारा : होतो. नावं दोन, पद्धती दोन, कागद दोन.

आपल्या कोल्हापुरी चपलेचं तर याहून मजेशीर आहे. तिला २०१९ साली मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांना मिळून! चप्पल एक, राज्यं दोन. निदान पायात तरी भांडण नाही.

पण एवढं भांडायचं कशाला?

तुमच्यापैकी कुणीतरी आता म्हणेल, 'खायचं सोडून हे लोक भांडतात कशाला?' हसण्यावारी नेऊ नका हं. ओडिशाच्या मनात एक जुनी ठुसठुस आहे. इंग्रजांच्या काळात ओडिया बोलणारा मुलूख तुकड्या-तुकड्यांत विभागलेला होता, त्यातला बराच भाग कोलकात्याहून चालणाऱ्या कारभाराखाली. १८७० च्या सुमारास तर काही जण म्हणू लागले, की ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही, ती बंगालीचाच एक प्रकार! विचार करा, उद्या कुणी तुम्हाला सांगितलं, की मराठी ही काही वेगळी भाषा नव्हे, तर कसं वाटेल? ओडिया माणसं त्याविरुद्ध उभी राहिली. १ एप्रिल १९३६ ला त्यांचा स्वतंत्र प्रांत झाला. म्हणून 'रसगुल्ला बंगालचा' असं कुणी सहज म्हटलं, की त्यांना वाटतं, पुन्हा आमचं काहीतरी उचलून नेलं.

आणि बंगालच्या बाजूने बघा. एका साध्या हलवायाने दिवसरात्र खपून काही केलं, आणि दीडशे वर्षांनी कुणी म्हणालं की 'यात तुझं काही नाही', तर त्याच्या गावाला वाईट वाटणारच. दोघंही मागत आहेत, ती खरं तर मिठाई नव्हे, मान.

आता तुमची पाळी

येत्या एकादशीला ताटात साबुदाण्याची खिचडी येईल, तेव्हा तिच्याकडे जरा नीट बघा. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे? दक्षिण अमेरिका. बटाटा? दक्षिण अमेरिका. मिरची? तीही अमेरिकेचीच. पुरीच्या स्वयंपाकघराने बटाट्याला आणि मिरचीला दाराबाहेर ठेवलं, आणि आपण त्यांना थेट उपासाच्या ताटात बसवलं! मग खिचडी आपली नाही? कोण म्हणतो? शेंगदाण्याचं कूट घालून, जिऱ्याची फोडणी देऊन, वर खोबरं-कोथिंबीर पेरून ती आपणच तर घडवली. पदार्थाचं जन्मगाव एक असतं, घर दुसरं असू शकतं, आणि घरं एकाहून जास्तही असू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात 'पुरणपोळी आमची की तुमची', 'मिसळ इथली खरी की तिथली' असा वाद झाला, की आवाज चढवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक : पुरावा काय? दोन : जुन्या कागदातलं नाव आणि आजचा पदार्थ एकच आहे का? आणि तीन : ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, असं या गोष्टीत कोण कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्या घरातच मिळेल. आजीला विचारा, तिचा एखादा खास पदार्थ ती कुणाकडून शिकली. तिच्या आईकडून? शेजारच्या काकूंकडून? वहीच्या एका पानावर तिचं नाव, तिला शिकवणाऱ्या बाईंचं नाव, गावाचं नाव आणि कृती लिहून ठेवा. वर तारीख घाला. शंभर वर्षांनी त्या पदार्थावरून दोन राज्यं भांडायला लागली, तर तुमची वही कामाला येईल!

आणि हो, रसगुल्ला खाताना एक सूचना. बंगालचा असेल तर आधी पाक थोडा पिळून घ्या, नाहीतर पहिल्याच घासाला शाळेचा शर्ट खराब होतो. ओडिशाचा असेल, तर पिळायला जाऊ नका. हातात काही उरणारच नाही!